कोलेस्ट्रॉल, पेशीचे पटल आणि कर्करोगाची चाल

पन्नाशी ओलांडलेल्या व्यापारी माणसाला दोन आकडे तोंडपाठ असतात. एक दुकानाच्या गल्ल्याचा आणि दुसरा रक्तातील कोलेस्ट्रॉलचा. सकाळी मोती तलावाला फेरी मारणाऱ्या आमच्या सावंतवाडीच्या मंडळींत भाव, पाऊस आणि राजकारण यांच्या जोडीला आता 'लिपिड प्रोफाइल' हाही चर्चेचा कायमचा विषय झाला आहे. कोणाचे दोनशेवर गेले, कोणाचे गोळी घेऊन उतरले, कोणी तूप सोडले, कोणी खोबरेल सोडले, याचा ताळेबंद तेथे रोज मांडला जातो. हा सारा हिशोब हृदयाच्या खात्यावरचा असतो.

परंतु आपल्या शरीरातील कोलेस्ट्रॉलचा फार थोडा भाग रक्तात असतो. त्याचे खरे घर आहे पेशीच्या भोवतालचे पातळ आवरण, म्हणजेच पेशीपटल. या पटलातील कोलेस्ट्रॉलचा पेशीच्या आकाराशी, तिच्या मऊ-कठीणपणाशी आणि तिच्या हालचालीशी निकटचा संबंध आहे. आणि कर्करोगाच्या बाबतीत पेशीची हालचाल हाच जीवन-मरणाचा प्रश्न असतो. एका जागी स्थिर राहिलेली गाठ शल्यविशारद बहुधा काढून टाकू शकतो. जी पेशी आपली जागा सोडून रक्तातून वा रसवाहिन्यांतून दूर जाऊन बसते, ती घात करते. म्हणून गेली काही दशके जगभरच्या प्रयोगशाळांत, आणि आपल्या पुण्या-मुंबईतही, हा विषय अभ्यासला जात आहे.

मी वैद्यकाचा नव्हे, वाणिज्याचा पदवीधर. आयुष्य बँकेत खतावण्या तपासण्यात गेले. तथापि 'कोलेस्ट्रॉलने कर्करोग होतो' आणि 'कोलेस्ट्रॉलची गोळी घेतली की कर्करोग बरा होतो' असे दोन्ही प्रकारचे संदेश आपल्या समाजाच्या भ्रमणध्वनी-गटांवर एकाच आठवड्यात फिरू लागले, तेव्हा मूळ नोंदी पाहाव्यात असे वाटले. जे वाचले आणि पडताळता आले तेवढेच येथे मांडतो.

प्रथम पटलाविषयी. माणसाची साधारण पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढी असते. तिचे आवरण याहून कितीतरी पातळ. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील सुमारे पाच भागांएवढी त्याची जाडी. हे आवरण स्निग्ध द्रव्याच्या रेणूंच्या दोन थरांचे असते. प्रत्येक रेणूला पाण्याकडे ओढ असलेले डोके आणि पाण्यापासून दूर पळणाऱ्या दोन शेपट्या. डोकी बाहेरच्या बाजूस, शेपट्या आत, अशी ही दुहेरी रांग. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी हे पटल म्हणजे घट्ट भिंत नसून वाहता थर आहे, त्यात प्रथिने तरंगत असतात, असे चित्र मांडले आणि ते सर्वमान्य झाले.

वाहता थर म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात पाण्यासारखे असणारे खोबरेल थंडीत आंबोलीच्या घरात बाटलीत गोठून पांढरे होते, आणि बाटली उन्हात ठेवल्याखेरीज थेंबही बाहेर येत नाही. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजते. पेशीचे आवरण असे थिजले तर पेशी मरेल. फार पातळ झाले तर गळू लागेल. या दोन्हींपासून राखण करतो तो कोलेस्ट्रॉलचा रेणू. सत्तावीस कार्बन, शेहेचाळीस हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन अशी त्याची घडण. चार वलयांची एक ताठ पट्टी आणि तिला लहानशी शेपटी. ही पट्टी स्निग्ध रेणूंच्या शेपट्यांमध्ये जाऊन बसते. ऊब असताना ती त्यांची वळवळ आवरते, आणि गारव्यात त्यांना एकमेकींना चिकटून घट्ट होऊ देत नाही. आपल्या पेशींच्या बाह्य आवरणातील स्निग्ध रेणूंपैकी सुमारे एकतृतीयांश रेणू कोलेस्ट्रॉलचे असतात. ज्याला आपण शत्रू म्हणतो त्याच्यावाचून आपली एकही पेशी उभी राहू शकत नाही.

नावाची कथाही गमतीची आहे. हा पदार्थ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये प्रथम पित्ताशयातील खड्यांत सापडला. १८१५ च्या सुमारास शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले ते ग्रीक शब्दांवरून, 'घन झालेले पित्त' अशा अर्थाचे. म्हणजे हृदयाशी नाते जोडले जाण्याच्या कितीतरी आधीपासून बिचाऱ्याची ओळख रोगाच्या खड्यातूनच झालेली.

येथे आपल्या घरांत हमखास येणारा प्रश्न घेतो. 'आम्ही अंड्याला शिवत नाही, मांसाहाराचे तर नावच नको. मग आमच्या रिपोर्टात कोलेस्ट्रॉल येते कोठून?' उत्तर सरळ आहे. ते आपले शरीर स्वतः बनवते, आणि यकृत हा त्याचा मोठा कारखाना. वनस्पतींच्या पेशींत निराळे स्टेरॉल असतात. कोलेस्ट्रॉल जवळजवळ नसतेच. म्हणून तेलाच्या डब्यावर 'कोलेस्ट्रॉलमुक्त' असे ठळक अक्षरांत छापतात, तेव्हा ती जाहिरात खोटी नसते, पण त्यात विशेष असे काही नसते. शेंगदाण्याचे, तिळाचे, खोबऱ्याचे, कोणतेच तेल कोलेस्ट्रॉल बाळगत नाही. (दुकानदार बंधूंनी हे गिऱ्हाइकाला सांगावे की नाही, हा त्यांचा प्रश्न!) आपल्या आहारात ते येते दूध, दही, लोणी, तूप यांतून. आणि खोबरेलात ते नसले तरी त्यातील संपृक्त मेदाम्ले यकृताचा व्यवहार असा बदलतात की रक्तातील पातळी चढते. तेव्हा शाकाहार ही पुष्कळ बाबतींत राखण असली तरी या एका खात्यात तो संपूर्ण विमा नव्हे.

यकृतातून निघालेले कोलेस्ट्रॉल रक्तातून प्रवास करते ते सुटे नव्हे. वेंगुर्ले, मालवण, रेडीच्या बंदरांत पूर्वी मचव्यांतून माल येत असे, तसे ते प्रथिने व स्निग्ध द्रव्य यांच्या सूक्ष्म मचव्यांतून हिंडते. 'एलडीएल' हे अशाच एका मचव्याचे नाव. प्रत्येक पेशीच्या अंगावर हा मचवा लावून घेणारे धक्के असतात. पेशीला माल हवा असेल तेव्हा ती धक्के वाढवते, पुरे झाला की कमी करते. हे धक्के शोधून काढल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टाईन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर आपला रक्ताचा रिपोर्ट म्हणजे वाटेतल्या मालाची मोजणी. गोदामात किती माल आहे आणि भिंतीत किती मुरला आहे, हे त्या कागदावरून कळत नाही. कोलेस्ट्रॉल आणि कर्करोग यांबद्दलचे निम्मे गैरसमज हा भेद न केल्याने झालेले आहेत.

आता आकाराकडे वळू. पेशीच्या आवरणाखाली ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे असते. आवरण हे कापड मानले तर हे जाळे म्हणजे तंबूचे दोर. पेशी गोल राहणार की पसरट, टोकदार होणार की लांबट, हे दोर कोठे ताणले आणि कोठे सैल सोडले यावर ठरते. दोर व कापड जेथे एकमेकांना बांधलेले असतात त्या जागी पटलाची घडणही निराळी असते. १९९७ साली काई सिमॉन्स आणि एलिना इकोनेन यांनी असे सुचवले की, पटलात कोलेस्ट्रॉल व विशिष्ट स्निग्ध रेणू एकवटून छोटे छोटे 'तराफे' बनतात आणि संदेश देणारी प्रथिने या तराफ्यांवर जमतात. ही कल्पना वादग्रस्त ठरली, कारण हे तराफे साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत इतके लहान व क्षणभंगुर. या वादात भारतीय प्रयोगशाळांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या आयआयटीतून रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले सत्यजित मेयर यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात हे पुंजके प्रत्यक्ष मोजण्याच्या रीती बसवल्या, आणि पटलाखालचे ॲक्टिनचे जाळे हे पुंजके घडवण्यात स्वतः भाग घेते हे दाखवण्यात त्यांच्या गटाचा पुढाकार राहिला. म्हणजे कापड दोरांना ओढते आणि दोर कापडाला.

पेशी चालते कशी? पुढच्या अंगाला ती एक पातळ पदर पसरते, त्या पदराखाली ॲक्टिनचे तंतू वाढून त्याला पुढे ढकलतात. पदरावरची इंटिग्रिन नावाची प्रथिने खालच्या जाळीला, म्हणजे पेशींबाहेरील तंतुमय आधाराला, पकड घेतात. मग मधला भाग आखडतो आणि शेवटी मागची पकड सुटते. पुढे पकड, मागे सोड; नारळाच्या झाडावर पायाला दोर बांधून चढणाऱ्या पाडेल्यासारखी ही चाल आहे. ती साधायची तर पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळी राखणे आवश्यक. पटलातील कोलेस्ट्रॉलयुक्त भाग पेशीच्या दोन टोकांना सारखे पसरलेले नसतात, आणि या असमान वाटणीमुळेच पुढचे-मागचे ठरते, असे अनेक प्रयोगांतून दिसले आहे.

हे प्रयोग करण्याची युक्ती मोठी सोपी आहे. पिष्टापासून सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचे वलयाकार द्रव्य बनवता येते. बाहेरून ते पाण्यात विरघळणारे आणि आत पोकळ. त्या पोकळीत कोलेस्ट्रॉलचा रेणू नेमका बसतो. बशीत वाढवलेल्या पेशींवर हे द्रव्य घातले की पटलातील कोलेस्ट्रॉल ते उचलून नेते, आणि मग पेशी काय करते ते पाहत बसायचे. अनेक प्रकारच्या कर्कपेशी अशा वेळी पसरट आकार सोडून गोलसर होतात, त्यांची पकड सुटते, चाल मंदावते. जपानमधील हिदेकी यामागुची आणि सहकाऱ्यांनी २००९ साली स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर केलेले काम यात विशेष महत्त्वाचे. आक्रमक कर्कपेशी खालच्या बाजूस खिळ्यासारखे बारीक उंचवटे काढतात. त्यांतून पाचक विकरे सोडून त्या आधाराची जाळी विरघळवतात व वाट काढतात. हे खिळे कोलेस्ट्रॉलयुक्त तराफ्यांच्या जागीच उगवतात, आणि कोलेस्ट्रॉल काढून घेतले की ते बनणे थांबते, असे या गटाला आढळले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग प्रश्न सुटला. कोलेस्ट्रॉल काढा आणि कर्करोग थांबवा. तसे नाही. आयरिना लेव्हिटन यांच्या गटाने २००४ साली महारोहिणीच्या अस्तरातील निरोगी पेशींचे कोलेस्ट्रॉल कमी केले, तेव्हा पटल सैल पडेल अशी साधी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पेशी अधिक ताठ झाल्या. याचे कारण केवळ कापडात नव्हते. कापड आणि दोर यांच्यातील बंध बदलले होते. एकच कृती एका प्रकारच्या पेशीला मऊ करते आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशीला ताठ. शिवाय कर्कपेशीच्या चाली दोन. एक जाळी विरघळवत, पकड घेत सरपटण्याची. दुसरी गोल होऊन फटींमधून अंग चोरून निसटण्याची. पहिली वाट विकरे रोखून बंद केली तर काही पेशी दुसरी धरतात, हे २००३ मध्येच दिसून आले आहे. चोराने पुढचे दार सोडून खिडकी गाठावी तसा हा प्रकार. पटल मऊ असणे पहिल्या वाटेला किती उपयोगी आणि दुसरीला किती, याचा हिशोब प्रत्येक प्रकारच्या कर्करोगात वेगळा मांडावा लागतो. मुंबईच्या आयआयटीत शमिक सेन यांची प्रयोगशाळा पेशीचा मऊपणा, तिच्या पायाखालच्या जाळीचा कठीणपणा आणि तिची वाटचाल यांचाच अभ्यास करते.

मला स्वतःला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते पुण्याच्या आयसर या संस्थेत, पाषाणला चालणाऱ्या कामाने. आपली निरोगी पेशी जमीनदार वृत्तीची असते. पायाखाली आधार असेल तरच ती वाढते. तिला जागेवरून उचलून द्रवात तरंगत ठेवले तर ती वाढ थांबवते आणि बहुधा मरण पत्करते. ही शरीराची फार मोठी सुरक्षा-व्यवस्था आहे, कारण तिच्यामुळे चुकून सुटलेली एखादी पेशी रक्तातून जाऊन भलत्याच अवयवात संसार थाटू शकत नाही. कर्कपेशीने ही मर्यादा तोडलेली असते. ती निराधार असतानाही वाढते.

ही मर्यादा पेशी पाळते कशी, याचे एक उत्तर कोलेस्ट्रॉलमध्ये सापडले. अमेरिकेत मार्टिन श्वार्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत मिगेल देल पोझो आणि त्यानंतर नागराज बालसुब्रमण्यन यांनी २००४ ते २०१० या काळात दाखवले की, पेशीचा आधार सुटताच पटलावरील कोलेस्ट्रॉलयुक्त तराफे आत ओढून घेतले जातात. तराफे गेले की त्यांवर जमणारी, वाढीचा हुकूम देणारी प्रथिने निष्प्रभ होतात. पेशी पुन्हा टेकली की तराफे परत वर आणले जातात. सायंकाळी दुकान बंद करताना फळीवर मांडलेला माल आत घ्यावा आणि सकाळी पुन्हा मांडावा, तसे. माल परत वर नेणारी जी यंत्रणा आहे, तिच्यात आर्फ-सहा आणि राल-ए ही दोन प्रथिने मुनीमाचे काम करतात. कित्येक कर्करोगांत रास नावाचे जनुक बिघडलेले असते, आणि त्याच्या प्रभावाखाली राल-ए अखंड जागे राहते. परिणाम असा की आधार नसतानाही माल फळीवरच राहतो, दुकान रात्रभर उघडे, आणि वाढीचा हुकूम चालूच. बालसुब्रमण्यन यांनी पुढे आयसरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा उभारली आणि आधार, पटल व कर्कपेशीची ही बेशिस्त यांचा शोध तेथे चालू ठेवला.

आपल्या जिल्ह्याचाही या इतिहासात वाटा आहे, निदान आडनावापुरता तरी. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राचे काम उभारणारे आणि पुढे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक झालेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव उच्चारताच वेंगुर्ले तालुक्यातील खानोली गावाची आठवण होते. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखूच्या सवयी यांवर त्यांनी केलेले काम आजही पायाभूत मानले जाते. त्यांच्याच केंद्रात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशी शरीराबाहेर बशीत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ही विद्या शिकून आल्या होत्या. पेशीचे पटल, तिची चाल हे सारे पाहायचे तर जिवंत पेशी बशीत टिकली पाहिजे. ती आपल्या देशात टिकवण्याचा पाया या बाईंनी घातला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६६ साली हे केंद्र आणि रुग्णालय टाटा स्मारक केंद्र म्हणून एक झाले, आणि आता संशोधनाचा मोठा भाग खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतो.

आता घरातल्या गोष्टी.

आमच्या परिचयातील एक काजूचे व्यापारी. त्यांच्या आतड्यात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार सुरू झाले. कोणीतरी सांगितले की गाठ कोलेस्ट्रॉलवर पोसली जाते. झाले! घरातून तूप गेले, दूध गेले, दही गेले, तेलाची फोडणीही गेली. दोन महिन्यांत शेठचे वजन असे उतरले की पुढचा उपचार लांबवावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या घरातल्या काकी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "भाऊ, आम्ही तर त्यांच्या भल्यासाठीच सगळं बंद केलं." रुग्णालयातील आहारतज्ज्ञ मुलीने शेठना समजावले ते वाक्य मला विसरता येत नाही. "काका, गाठ उपाशी राहत नाही. उपाशी राहता तुम्ही." कर्कपेशीला कोलेस्ट्रॉल हवे असते हे खरे, पण ते ती स्वतःही बनवू शकते आणि रक्तातूनही ओढू शकते. वाटीभर तूप बंद केल्याने तिचे पटल सुकत नाही. रुग्णाचे मात्र मांस झडते. आपल्यात धर्मसंस्कारामुळे सोडणे सोपे जाते, त्याग अंगवळणी पडलेला असतो. आजारात हाच गुण कधी कधी उलटतो. उपचार चालू असताना आहारात काही सोडायचे असेल वा पर्युषणात उपवास करायचे असतील, तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारून, औषधांच्या वेळा सांगून ठरवावे.

याच्या उलट बाजूचाही हिशोब पाहा. काही वाचकांनी ऐकले असेल की रक्तातील कोलेस्ट्रॉल फार कमी असलेल्यांत कर्करोग अधिक आढळतो. मग कमी कोलेस्ट्रॉल वाईट का? बँकेत खात्यातील शिल्लक झपाट्याने उतरू लागली तर आम्ही दोन शक्यता पाहत असू. जमा घटली, की कोठून तरी उचल वाढली? १९८५ साली स्वीडनमधील संशोधकांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत पाहिले की, ज्यांच्या कर्कपेशींवर मचवे लावून घेणारे धक्के जास्त, त्यांच्या रक्तातील कोलेस्ट्रॉल कमी. औषधांनी रोग आटोक्यात आला तसे ते पुन्हा वर आले. म्हणजे अशा रुग्णांत शिल्लक कमी झाल्याने रोग झाला नव्हता, रोगच उचल करीत होता. म्हणून, आहार वा औषध न बदलता कोलेस्ट्रॉल एकाएकी फार उतरले आणि सोबत वजनही घटत असेल, तर 'रिपोर्ट छान आला' म्हणून पेढे वाटण्याआधी डॉक्टरांना दाखवावा.

राहता राहिला गोळीचा प्रश्न. कोलेस्ट्रॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांचा उगम जपानच्या अकिरा एंडो यांच्या बुरशीवरील संशोधनात आहे. हजारो बुरश्या तपासून त्यांनी सत्तरच्या दशकात पहिले असे द्रव्य शोधले. १९८७ मध्ये पहिली स्टॅटिन गोळी अमेरिकेत बाजारात आली. हृदयविकारात तिचा उपयोग निर्विवाद आहे. कर्करोगाबाबत २०१२ साली डेन्मार्कमधून एक मोठा अभ्यास आला: निदानापूर्वी स्टॅटिन घेत असलेल्या रुग्णांत कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे १५ टक्के कमी दिसले. तो आकडा जगभर गाजला. परंतु नियमित गोळी घेणारा माणूस नियमित तपासणीही करतो, डॉक्टरांकडे वेळेवर जातो, कदाचित धूम्रपानही करीत नाही. कर्ज वेळेवर फेडणारा ग्राहक विम्याचा हप्ताही वेळेवर भरतो. म्हणून विम्याने कर्ज फिटले असे कोणी म्हणत नाही. त्याच वर्षी २७ चाचण्यांतील पावणेदोन लाख लोकांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. त्या चाचण्यांत कोणाला गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. तेथे सरासरी पाच वर्षांच्या काळात स्टॅटिनने कर्करोग वाढला नाही, आणि कमीही झाला नाही. माझ्या हिशोबी दुसऱ्या पुराव्याचे वजन अधिक आहे. हृदयासाठी गोळी दिलेली असेल तर ती कर्करोगाच्या भीतीने सोडू नये, आणि कर्करोगासाठी आपल्या मनाने सुरू करू नये. काही कर्करोग-औषधे आणि काही स्टॅटिन यांचे एकमेकांशी पटत नाही, म्हणून चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव कर्करोगतज्ज्ञाला सांगावे. वैद्याचे चूर्ण असेल तर तेही.

एक गोष्ट थोडी कडू आहे, पण व्यापारी वाचकांपुढे ती न सांगता पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. तोंडाच्या कर्करोगाचे मुख्य कारण शोधायला पेशीपटलापर्यंत जावे लागत नाही. ते खानोलकरांच्या काळापासून ठाऊक आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे; तरी तंबाखूच्या पुड्यांच्या माळा कोणकोणत्या दुकानांत, कोणत्या खणात असतात, हे बाजारपेठेतल्या प्रत्येकाला माहीत असते. जिवाणूची हिंसा टाळण्यासाठी पाणी गाळून पिणाऱ्या घराच्या गल्ल्यात त्या पुडीचे पैसे येऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पुन्हा विषयाकडे. स्तनाच्या कर्करोगात स्टॅटिनचा खरोखर उपयोग होतो का, हे ठरवण्यासाठी डेन्मार्कमध्येच आता अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी करणारी मोठी चाचणी हाती घेण्यात आली आहे. तिच्यात निम्म्या स्त्रियांना खरी गोळी आणि निम्म्यांना तिच्यासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली जाते, आणि रोग परततो का ते वर्षानुवर्षे पाहिले जाते. दुसरीकडे काही संशोधक कर्कपेशीच्या आतील कोलेस्ट्रॉलच्या साठ्यावर, तर काही तराफ्यांच्या ये-जा करणाऱ्या यंत्रणेवर औषध शोधत आहेत. सर्वांपुढील अडचण एकच आहे. शरीरातील एकूण कोलेस्ट्रॉलचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक एकट्या मेंदूत आहे, आणि उरलेले प्रत्येक निरोगी पेशीच्या पटलात. कर्कपेशीच्या भिंतीतून जे काढायचे, तेच शेजारच्या निरोगी पेशीच्या भिंतीत राखायचे आहे. बशीत दोन्ही पेशी वेगळ्या ठेवता येतात. शरीरात त्या एकमेकींना लागून असतात. औषध त्यांतील नेमक्या एकीपर्यंत कसे पोहोचवायचे, यावर सध्या काम चालले आहे.